कडी नसलेला शनी

६ ऑक्टोबर २०२५, सोमवार. कोजागिरी.

दूध आटवलं. चारोळी, जायफळ, सगळं घातलं. निम्मं अजून फ्रिजमध्येच आहे.

देवदत्त कोल्हापूरला गेलाय. सकाळच्या पहिल्या एसटीने. म्हणे, कॉलेजच्या लॅबसाठी सामान बघायचंय. म्हटलं, आज? कोजागिरीला? 'आजच बोलावलंय.' दुपारी त्याचा फोन लागेना म्हणून कॉलेजात केला. रात्रीचं जेवण करायचं की नाही एवढंच विचारायचं होतं. क्लार्क म्हणाला, 'सर रजेवर आहेत. घरगुती काम लिहिलंय.'

घरगुती! घर तर इथं आहे, नाचणे गावात. त्यात मी एकटीच बसलेय.

शेजारच्या सावित्रीकाकू गच्चीवर दूध प्यायला आल्या. 'देवदत्त खंय गेलो आज? चंद्र कोण दाखवणार आमका?' दरवर्षी हाच दुर्बीण लावतो. मी दुर्बिणीचं कापड काढलंच नाही. चंद्राच्या शेजारी शनी होता, नुसत्या डोळ्यांनी दाखवला. काकू म्हणाल्या, साडेसाती नको बाई, तिकडं बघू नको.

७ ऑक्टोबर

आला. सामान पसंत पडलं नाही म्हणे. मी काही विचारलं नाही. यानेच सांगितलं — एसटी हातखंब्याला थांबली, शेजारी एक आजोबा होते, आंब्याच्या फवारणीचं बोलत होते, मलकापूरला वडा खाल्ला. सतरा वर्षं कोर्टात स्टेनो आहे मी. घटस्फोटाच्या साक्षी टाइप करून बोटं झिजली. खोटं बोलणारा माणूस न विचारलेलं फार सांगतो.

आणि हे सगळं सांगताना माझ्या तोंडाकडे बघत नव्हता. कानाकडे बघत होता. नवीन कुडी घातलीत की काय, असं वाटावं!

आता बोलणारच नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

आभाळ उघडलं. पावसाळ्यानंतरचा पहिला चांगला शनी.

आमचं काम लग्नापासून वाटलेलं आहे. हा दुर्बिणीपाशी उभा. (आठ इंची आरसा याने स्वतः घासलेला, वर्षभर गच्चीवर कार्बोरंडमची पूड आणि पाणी. तेव्हा मीच त्याला म्हणायचे, तुझं पहिलं लग्न त्या काचेशी झालंय.) मी शेजारी खुर्चीत, मांडीवर लॅपटॉप. आयपीसच्या, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाच्या जागी छोटा कॅमेरा. ग्रह स्क्रीनवर थरथरत येतो. हा फोकसची चकती फिरवतो, मी सांगते — आत, अजून आत, बाहेर जरासं, बास. 'बास' म्हटलं की हा हात काढतो. मग दोन-तीन मिनिटांची फिल्म. खाली आले की मी त्यातली स्थिर चित्रं निवडून एकावर एक रचते. हवेचा थरकाप निघून जातो, ग्रह उरतो. फोटोखाली नाव दोघांचं.

आज हा लॅपटॉप घेऊन दारात उभा राहिला. 'येतेस ना?'

अबोल्यातही एक वाक्य बोलले. 'तुझं तू कर.'

एकटाच वर गेला. तासाभराने लॅपटॉप टेबलावर ठेवून झोपला. मी फायली उघडल्या. सगळ्या पुसट! नवशिक्यासुद्धा असा फोकस करणार नाही. एका फिल्ममध्ये तर शनी फ्रेमबाहेर निघून गेला आणि पुढे नुसता काळोख शूट केलाय.

मन कुठं होतं याचं?

१८ ऑक्टोबर, शनिवार

मन कुठं होतं ते कळलं. पांढऱ्या गाडीत.

स्कूटर जूनपासून पार्किंगमध्ये. म्हणे ब्रेक बरोबर नाहीत. गॅरेजवाला नितेश दोनदा बघून गेला, त्याला काही सापडलं नाही. तोवर शमिका मॅडम सोडतात. केमिस्ट्रीच्या. गेल्या वर्षी आल्या. मोकळे केस, गाडी स्वतः चालवतात. आज बाल्कनीतून पाहिलं. त्या खाली उतरल्या, याच्या बाजूचं दार उघडलं, आणि गेटपर्यंत याच्या कोपराला हात लावून चालत आल्या. कोपराला हात!

मी आत येऊन कुकर लावला. चार शिट्ट्यांच्या जागी किती झाल्या कोण जाणे. डाळीचा लगदा झाला. मुकाट्याने खाल्ला याने.

२१ ऑक्टोबर. लक्ष्मीपूजन.

अवेळी पाऊस. दारातल्या रांगोळीवर सरळ पाय देऊन आत आला. कमळाचा पार चिखल झाला. त्याला पत्ताही नाही.

रडले. बाथरूममध्ये.

२६ ऑक्टोबर

सोनूबाई बांगडे घेऊन आली. टोपली उतरवायच्या आधीच — 'ताई, दादा रागावलेत काय गो माज्यावर? काल नाक्यावर मी समोर हुबी. माज्याकडं बघतायत न् वळख नाय. हाक मारली तवा कुठं म्हणतात, काय सोनूबाई!'

म्हटलं, हल्ली त्यांना बायकोचीही ओळख नाही, तुझं काय घेऊन बसलीस. ती हसली. मी बांगडे निवडत राहिले.

१ नोव्हेंबर, शनिवार

आज स्वतःहून बोलायला बसला. वाटलं, सांगतोय आता.

म्हणाला, 'अगो उमा, दुर्बीण लावायची कशी ते तू नीट शिकून घे. आरसा जुळवायचा कसा, सगळं. आणि स्कूटरही चालवायला लाग.'

'का?'

'असू दे. आलं पाहिजे तुला.'

विमा, घराचे कागद कुठल्या कपाटात आहेत तेही दाखवलं. कोर्टात अशा साक्षी किती घेतल्यात मी! 'जाण्यापूर्वी त्यांनी मला गॅसचा नंबर कसा लावायचा ते शिकवले.' तेव्हा टाइप करताना वाटायचं, ही बाई इतकी कशी भोळी? समोर दिसत होतं की सगळं.

मी म्हटलं, मला काही शिकायचं नाही. आणि उठले.

९ नोव्हेंबर, रविवार

पुन्हा एकटाच वर. पुन्हा पुसट. आकाशनिरीक्षकांच्या ग्रुपवर आमचा एकही फोटो नाही या मोसमात. मंडणगडचे आत्माराम जोशी, ग्रुपमधले सगळ्यात जुने निरीक्षक, विचारतात — 'उमा-देवदत्त, यंदा सुट्टीवर?' मी अंगठा पाठवला.

यंदा सुट्टी! यंदाच तर सगळं होतं.

लिहूनच ठेवते. जानेवारी २००९. आकाशदर्शनाचा कार्यक्रम, कातळावर, गारठा, शंभर माणसांची रांग. माझा नंबर आला. मी आयपीसला डोळा लावला आणि म्हटलं, याला कडी कुठंयत? फसवताय होय! शनीच्या गोळ्यातून आरपार फक्त एक रेघ गेली होती, सुईत ओवलेल्या दोऱ्यासारखी. दुर्बिणीमागे एक बारकेला, कानटोपीवाला मुलगा होता. म्हणाला, 'कडी आहेत. आपण ती कडेवरून बघतोय. तेरा ते सोळा वर्षांनी एकदा असं होतं.' मग म्हणाला, 'रेघेच्या टोकाला एक पुसट चंद्र आहे, तो बघा.' मी म्हटलं, नाही दिसत. 'सरळ बघितलंत की जातो तो. जरा बाजूला बघा, मग येतो.' मी बाजूला बघितलं. आला. मागची रांग ओरडायला लागली तरी मी डोळा काढेना.

त्याच वर्षी लग्न. तेव्हा कॅमेरा नव्हता. ठरवलं होतं, पुढच्या वेळी कडी मिटली की रेघेचा फोटो आपण दोघांनी काढायचा. मार्चमध्ये मिटली तेव्हा शनी सूर्याजवळ होता, दिसला नाही. आता या महिन्यात पुन्हा जवळजवळ मिटतायत. तेवीस तारखेला सगळ्यात बारीक. मग थेट २०३८.

मूल नाही झालं आम्हाला. डॉक्टर झाले, नवस झाले. मग एकदा हाच म्हणाला, राहू दे, आपल्याला शनी आहे. केवढी हसले होते मी.

१५ नोव्हेंबर

शमिका मॅडमचा फोन आला. माझ्या फोनवर. उचलला नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

मी वर गेले. अबोला आहे, पण रेघेशी माझं भांडण नाही.

दिवेलागण झाली होती. पश्चिमेला कोर, खाली समुद्राकडून येणारा दमट वारा, पण वरची हवा एकदम स्थिर. कॅमेरा लावला नव्हता. म्हणाला, 'आधी डोळ्यांनी बघू.' मीच शनी मध्यावर आणला. बघितला. तीच रेघ. सोळा वर्षांनी! बाजूला झाले, याचा हात धरून आयपीसपाशी आणला. कितीतरी दिवसांनी हात धरला.

हा वाकला. 'वा! दिसली. रेघ दिसली. काय बारीक आहे!' बोलतच राहिला — कार्यक्रमातली ती रांग, माझी लाल शाल, 'फसवताय होय' म्हटलेलं. सगळं आठवत होतं त्याला. मी ऐकत होते आणि रागच येत नव्हता. मग माझं लक्ष त्याच्या हातांकडे गेलं.

हात खिशात होते.

आमच्या दुर्बिणीला मोटर नाही. ग्रह मिनिटभरात काचेतून सरकून जातो. नळीला सारखा बोटभर धक्का द्यावा लागतो. बघणारा माणूस तो देतोच, न कळत देतो, श्वास घेतल्यासारखा. याने एकदाही दिला नव्हता. आणि अजून सांगत होता, 'काय सुंदर आहे गो!'

म्हटलं, सरक. डोळा लावला. काच रिकामी. काळं आभाळ, एकही तारा नाही.

त्याला विचारलं, 'काय दिसत होतं तुला?'

याने हात खिशातून काढून नळी चाचपली.

'देवदत्त, काय दिसत होतं?'

म्हणाला, 'तू होतीस ना शेजारी. मला वाटलं, शनी असेल अजून काचेत.'

२४ नोव्हेंबर, सोमवार

रजा टाकली. दिवसभर बोललो. दीड महिन्याचं तुंबलेलं.

डोळ्यांचा पडदा. मधला भाग मरत चाललाय. त्याच्या मामांना होतं, मंडणगडला ओटीवर बसून असायचे, मला वाटायचं म्हातारपण. उजवा डोळा चार-पाच वर्षांपूर्वीच गेला. डावा तेव्हापासून मंदावत होता, या पावसाळ्यात तोही गेला. वाचता येत नाही, माणसांचे चेहरे दिसत नाहीत, समोर धरलेलं बोट दिसत नाही. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी कोजागिरीच्या दिवशी शेवटचं काय ते सांगितलं. औषध नाही.

शमिका मॅडमना माहीत होतं. कॉलेजच्या जिन्यात पडला होता, त्यांनीच उचललं. मला सांगायला म्हणून त्यांनी फोन केला होता त्या दिवशी, आणि मी उचलला नाही.

मी दीड महिना याच्या आयुष्यात बाई शोधत होते. असती तर बरं झालं असतं. भांडले असते, झिंज्या उपटल्या असत्या, कोर्टात खेचलं असतं. आता कुणाला खेचू?

विचारलं, मला का नाही सांगितलंस? म्हणाला, 'रेघ होऊ दे म्हटलं. आधी सांगितलं असतं तर तू शनी सोडून माझ्याचकडे बघत बसली असतीस.'

आणि फोटो? इतकी वर्षं फोकस कसा केलास?

'मी कुठं केला? तू बास म्हणायचीस.'

मी उठून लॅपटॉप उघडला. गेल्या वर्षीचे शनी, गुरूचे पट्टे, मंगळाची बर्फाची टोपी — सगळे लख्ख. या मोसमातले सगळे पुसट. मी बोलायची थांबले आणि ग्रह गेले. त्याला विचारलं, एकटा कशाला जात होतास वर, दिसत नव्हतं तर? म्हणाला, 'वाटायचं, एखाद्या दिवशी येशील वर.'

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२८ नोव्हेंबर

कोल्हापूर. आता दोघं. आंबा घाटात धुकं. याने विचारलं, दरी दिसतेय? म्हटलं नाही, धुकंच आहे. म्हणाला, चला, आज सारखंच दिसतंय दोघांना. एसटीतली बाई वळून बघायला लागली, इतकं मोठ्याने हसलो. मग मी खिडकीकडे तोंड केलं.

डॉक्टर तरुण आहेत, चांगले आहेत. आत बरंच काही समजावलं, कागदावर डोळ्याचं चित्रही काढलं. मला फक्त 'परत येणार नाही' एवढंच ऐकू आलं.

३० नोव्हेंबर, रविवार

रेघ अजून होती. आठवडाभरात थोडीशीच जाड झालीय.

वर गेलो. चंद्र मोठा, शनीपासून फार लांब नाही. चालतं, ग्रहाला चंद्राची बाधा नाही. मी नळी लावली, कॅमेरा लावला, खुर्चीत बसले. स्क्रीनवर एक पुसट, थरथरता लाडू.

हा चकतीपाशी उभा. हात ठेवला. म्हटलं, आत. अजून. अजून. थांब — बाहेर. जरासं. लाडू आवळत गेला, आणि मधून ती रेघ उमटली, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

'बास.'

याने हात काढला.

फिल्म घेतल्या. खाली येऊन रचल्या. इतका चांगला शनी आम्ही कधी काढला नाही. ग्रुपवर टाकला, दोघांच्या नावाने. आत्माराम जोशींचा लगेच निरोप — 'देवदत्त, तुझ्या डोळ्याला तोड नाही!' वाचून दाखवला. हा पोट धरून हसला. मला नाही हसता आलं.

फोटो टीव्हीवर मोठा करून लावला त्याच्यासाठी. अगदी जवळ जाऊन उभा राहिला, मान वाकडी करून, कितीतरी वेळ.

७ डिसेंबर

स्कूटर शिकतेय. चंपक मैदानात दोनदा पडले. मागे बसलेला म्हणतो, मला काही दिसलं नाही हं!

रात्री उशी ओली होते. त्याला कळतं. आवाज न करता रडले तरी कळतं.

१४ डिसेंबर, रविवार

सकाळी चहा. हा समोर. पुन्हा तेच, माझ्या डाव्या कानाकडे टक लावून बसलेला. म्हटलं, काय बघतोयस तिकडं?

'तुला. सरळ बघितलं की जातेस. जरा बाजूला बघितलं की येतेस.'

म्हणजे कोजागिरीपासून हा माझ्याकडेच बघत होता.